डाळ मिलची उधारी आणि चिठ्ठ्यांवरचा हिशेब

प्रश्न : कारंजा तालुक्यात आमची छोटी डाळ मिल आहे. तीन वर्षांत धंदा चौपटीने वाढला, हिशेब मात्र चिठ्ठ्यांवर आणि दिराच्या व्हॉट्सॲपवरच राहिला. अमरावतीचा एक व्यापारी मार्च 2024 पासूनच्या तूरडाळीचे सहा लाख देत नाही, 'एवढा माल आलाच नाही' म्हणतो. आता सगळं एका वहीत लिहून काढलं तर कोर्टात चालेल का?

उत्तर : ताई, मागच्या तारखांची वही मुळीच लिहू नका. ती कोर्टात दिली तर खोटा पुरावा तयार केल्याचा गुन्हा तुमच्यावरच येईल. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तुमची खरी उधारीसुद्धा खोटी ठरेल. वकिलासाठी यादी हवी असेल तर आजची तारीख टाकून 'चिठ्ठ्यांवरून केलेली यादी' असं वर लिहा. मळक्या, डाळीचे डाग पडलेल्या मूळ चिठ्ठ्या जशाच्या तशा ठेवा.

सुटे कागद म्हणजे हिशेबाची वही नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 सालीच म्हटलं आहे. पण रोज लिहिलेली वही असती तरी एवढ्यावर भागलं नसतं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 28 नुसार केवळ वहीतल्या नोंदीवरून कुणावर देणं लादता येत नाही. माल पोचल्याचा वेगळा पुरावा लागतोच. तो धर्मकाट्याच्या, म्हणजे गाडी तोलायच्या काट्याच्या, पावत्यांत आहे, गाडीच्या बिल्टीत, म्हणजे वाहतुकीच्या पावतीत आहे आणि व्यापाऱ्याने मधूनमधून बँकेतून पाठवलेल्या रकमांत आहे. माल आलाच नव्हता तर पैसे कशाचे पाठवले, हे त्याला सांगावं लागेल. काट्यावर उद्याच जा, तिथल्या जुन्या नोंदी कायम राहतील असं धरून चालू नका.

दिराचा जुना फोन विकू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवू नका. व्हॉट्सॲपचे संदेश कोर्टात द्यायचे तर त्याच अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्यावर फोन वापरणाऱ्या दिराची सही, आणि सोबत तज्ज्ञाची.

उधारीची मुदत ठरली नसेल, तर प्रत्येक खेपेची तीन वर्षं माल दिल्यापासून वेगळी मोजतात. म्हणजे पहिल्या खेपेचा दावा मार्च 2027 च्या आत दाखल व्हायला हवा. त्याआधी त्याने थकबाकी लिहून, सही करून मान्य केली तर तिथून नवी तीन वर्षं मिळतात.

मिलची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) माल देण्याआधीची असेल तर लहान उद्योगांची थकबाकी बघणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाता येईल. तिथे मुदत लेखी ठरली नसेल तर 15 दिवसांनंतरच्या, ठरली असेल तर त्या मुदतीनंतरच्या (जास्तीत जास्त 45 दिवस) थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं.

यापुढे गाडी सुटताना नंबर घातलेलं चलान द्या आणि घेणाऱ्याच्या सहीची प्रत परत येईपर्यंत पुढची खेप भरू नका. व्यापाऱ्याला नोटीस मात्र कागद हाती आल्यावरच पाठवा.