पाय आधीच स्वच्छ होते

प्रिय रिया,

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर गाडीत बसताना तू विचारलंस, "त्या बाराही जणांचे पाय आधीच स्वच्छ होते. मग फादरांनी धुतले कशाला? नाटकच ना हे?" मी नुसतं "पट्टा लाव" म्हणाले. प्रश्न लागला होता, म्हणून लिहितेय.

नाटक म्हणालीस ते अगदीच खोटं नाही. आमच्या लहानपणी वसईत हे बारा जण पुरुषच असत, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले, गावातले मानाचे. घरून साबणाने पाय घासून, नखं काढून यायचे. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. मिस्साच्या पुस्तकात बारा हा आकडा दिलेलाच नाही, तो प्रथेने आला. "पुरुष" मात्र होतं, ते जानेवारी २०१६ मध्ये रोमने बदललं. त्याआधीच, २०१३ साली, पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा कोवळ्या कैद्यांचे पाय धुतले होते. त्यात दोन मुली होत्या, दोघं मुसलमान होते. तिथं कुणी आधी पेडिक्युअर करून बसलं नसणार.

म्हणजे खरं काम आधीच्या आठवड्यातलं: माणसं निवडायचं. मिस्साला जी मागच्या खांबाशी उभी राहतात, रात्रपाळी करून येतात, ज्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं, अशांना विचारायचं. एकेकट्याला गाठून विचारायचं, आणि "नको म्हणालात तरी चालेल" हे त्याच दमात सांगायचं. चारचौघांत विचारलं की गरीब माणूस भिडेपोटी हो म्हणतो आणि त्या दिवशी येतच नाही. मधुमेहाची जखम असेल तर तो पाय राहू द्यायचा, दुसरा धुवायचा. व्हीलचेअरवरच्याला उचलून खुर्चीत बसवायचं नाही. फादरांनीच त्याच्यापुढे गुडघे टेकायचे.

बाकी हिशेब सोपा आहे. माणशी पाव लिटर, म्हणजे बाराजणांना तीन लिटर पाणी, ओतायच्या दोन जगांत. चर्च गार असतं, तेव्हा पाणी घरून जरा जास्तच ऊन न्यायचं, म्हणजे वेळेवर कोमट राहतं. टॉवेल बारा आणि दोन जास्तीचे. एकाच टॉवेलात भागवलं तर पाचव्या-सहाव्या माणसापर्यंत तो चिंब होतो आणि पुढच्यांचे पाय ओलेच मोज्यात जातात. खुर्च्यांना हात हवेत. खाली रबरी चटई हवी, नाहीतर फरशीवर पहिला घसरतो तो गुडघ्यांवरून उठणारा.

आता जे सांगायला जड जातं ते. आमच्या घराच्या ओट्यावर पितळी तांब्या भरलेला असे, आल्यागेल्याला पाय धुवायला. वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी बायांचे जर्मनचे पेले मात्र वेगळे, ओट्याखाली पालथे. चहा त्यातच. गुरुवारी चर्चमध्ये पाय धुवायचे आणि शुक्रवारी तेच पेले. वाळूत रडणारं अस्पृश्याचं पोर संत एकनाथांनी उचलून घेतलं, तो धडा शाळेत तोंडपाठ. ओट्याखाली कुणी वाकून बघत नव्हतं. तुझी आजी वाईट नव्हती गं. पण तुझ्या प्रश्नात तो पेला वाजला.

संत बेनेडिक्टच्या ख्रिस्ती मठांसाठी सहाव्या शतकात नियम लिहिले गेले. त्यात पाहुण्यांचे पाय मठाधिपतींनी सगळ्यांसह धुवावेत असं आहे, आणि गरीब, वाटसरू यांची जास्त काळजी घ्यावी असंही. श्रीमंताला त्याच्या धाकानेच मान मिळतो. लिहिणारा बेरकी असला पाहिजे. पाहुणचार कुठे बिघडतो हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

आपल्या घरीही तो तसाच बिघडतो. नाताळला सगळेच बोलावतात. एकट्या माणसाला बोलवायचं ते फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी. काय चालत नाही ते आधी विचारायचं. ताटं सगळ्यांना एकच, कागदी कुणालाच नाही. बांधून द्यायचा डबा पंगत बसायच्या आधी भरून ठेवायचा, म्हणजे उरलंसुरलं दिलं असं होत नाही. परत जायची बस किती वाजता, हे आपल्याला माहीत हवं. आणि फोटो नाही. तुझ्या पप्पांना हे दरवेळी सांगावं लागतं.

एवढं करूनही नाटक उरतंच थोडं. ते कसं काढायचं, मला सापडलेलं नाही.

पुढच्या वर्षी टॉवेलांचं काम माझ्याकडे आहे. तू यायलाच हवंस असं मुळीच नाही. आलीस तर पाण्याचा जग तू धर. पाणी ओतायच्या आधी मनगटावर घेऊन बघ, बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं.

तुझी,
आई