बाटलीतलं 'प्लाझ्मा वॉटर' आणि परत परत येणारा वास

प्रश्न : वय 34, दांडिया बाजार, वडोदरा. वर्षभरात तीनदा अंगावरून पातळ, राखाडी-पांढरं गेलं. मासळीसारखा वास येतो, पाळीनंतर जास्त. डॉक्टरांनी बॅक्टेरियल व्हजायनोसिस (बीव्ही, म्हणजे योनीमार्गातल्या जंतूंचा तोल बिघडणं) सांगून मेट्रोनिडाझोल हे जंतूंवरचं औषध दिलं. दोन महिने बरं वाटतं, मग पुन्हा तेच. नणंदेने 'प्लाझ्मा वॉटर'ची बाटली आणली आहे, याने आतून धू म्हणते. करोनात देत होते तोच का हा प्लाझ्मा?

उत्तर : तो रक्तातला, हा विजेचा. पाण्यालगतच्या हवेत उच्च दाबाची वीज सोडली की हवेतला नायट्रोजन-ऑक्सिजन फुटतो आणि पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्राइट, नायट्रेट उतरतात. पाणी आंबट होतं. शुद्ध पाण्याचा पीएच (आंबटपणाचा आकडा; जितका कमी, तितकं आंबट) असा 3 च्या आसपासही येतो. या आंबटपणात नायट्राइट आणि पेरॉक्साइडपासून पेरॉक्सीनायट्रस आम्ल बनतं. जंतू मारण्यात त्याचा मोठा वाटा, पण ते सेकंदभरात विरतं. बाटली नुसती ठेवली तरी नायट्राइट आणि पेरॉक्साइड एकमेकांना संपवत राहतात आणि शेवटी उरतं बव्हंशी पातळ नायट्रिक आम्ल. तुमच्या बाटलीवर तयार केल्याची तारीख तरी आहे का?

तुमच्याच राज्यात, गांधीनगरजवळच्या भाट इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत अशा पाण्यावर काम चालतं. विषय थोतांड नाही. पण काचेच्या बशीतले जंतू मरणं वेगळं आणि योनीमार्गातला संसर्ग जाणं वेगळं. तिथे गार्डनेरेला हे बीव्हीतले जंतू मोरीतल्या बुळबुळीत थरासारखे भिंतीला चिकटून बसतात. वरवरच्या स्रावातली प्रथिनंच या पाण्याचा बराचसा जोर खाऊन टाकतात. बीव्हीच्या प्रमाणित उपचारांत आज हे पाणी नाही. तेव्हा बाटली बाजूला ठेवा.

आतून धुणंच मुळात नको, मग ते तुरटीचं पाणी असो की साधं. आंबटपणा राखणारे लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतू वाहून जातात, आणि खालचा जंतू वर गर्भाशयाकडे ढकलला जाण्याचा धोका असतो. बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की पुरे.

पुन्हा त्रास होण्यात तुमची चूक नाही. उपचारानंतर निम्म्याहून अधिक बायकांना वर्षभरात तो परत होतो, कारण तो थर पुरता जात नाही. नेहमीचा कोर्स असा : मेट्रोनिडाझोल 500 मिग्रॅ, दिवसातून दोनदा, 7 दिवस, किंवा 0.75 टक्के जेल 5 ग्रॅम रोज एकदा, 5 दिवस. किंवा क्लिंडामायसिन 2 टक्के क्रीम 5 ग्रॅम रात्री, 7 दिवस. वास गेला म्हणून चौथ्या दिवशी थांबायचं नाही. हे क्रीम तेलकट असतं, त्यामुळे लेटेक्स निरोध कमकुवत होतो. क्रीम संपल्यावरही 5 दिवस निरोधावर विसंबू नका.

आता यजमानांचं. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत बीव्ही झालेल्या स्त्रियांच्या जोडीदारांनाही 7 दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगावर लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिलं. 12 आठवड्यांत त्रास परत होण्याचं प्रमाण 63 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर आलं. पुढच्या भेटीत यजमानांना सोबत न्या आणि हे डॉक्टरांशी बोला. संकोच वाटेल, पण चौथा कोर्स एकटीने घेण्यापेक्षा बरं. दिवस गेले असतील किंवा ओटीपोटात दुखून ताप आला, तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका.

प्रश्न : घरी पीएच पट्टीने बीव्ही समजेल का? (कारेलीबाग)

उत्तर : अर्धवट. 1 ते 14 मोजणारी पट्टी कामाची नाही. 4 ते 6 मधले बारीक टप्पे दाखवणारी घ्या आणि योनीमार्गाच्या बाजूच्या भिंतीला टेकवा. गर्भाशयमुखाजवळचा चिकट स्राव अल्कधर्मी असतो, तो पट्टीला लागला तर आकडा फसवतो. पाळीचं रक्त आणि वीर्यही तसंच, म्हणून त्या दिवसांत नको. 4.5 च्या वर आकडा आला तर बीव्ही असू शकतं, ट्रायकोमोनास हा संबंधांतून पसरणारा परजीवीचा संसर्गही. आकडा खाली, पण खाज आणि दह्यासारखं घट्ट जात असेल, तर बहुधा बुरशी; तिच्यावर मेट्रोनिडाझोल चालत नाही.