मोबदला घेत राहा

परभणी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला निवृत्तीच्या हिशेबाचा तक्ता मी पाहिला आणि त्याखालचा प्रश्नही वाचला. चाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची हे तुझे ठरलेले आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. काटकसर आणि कष्ट तुला शिकवावेत अशी गरजही उरलेली नाही. परंतु "पैसे कमी पडले तर पुन्हा कामावर जाल का?" असे सूनबाईंनी विचारले, त्यावर तू ताडकन "पैशासाठी कधीच नाही" म्हणालास आणि आता मला विचारतोस की, काका, हे उत्तर बरोबर आहे ना. अरे बाबा, "नाही" म्हणणे आज तुझ्या हातात आहे. दहा वर्षांनी "हो" म्हणावेसे वाटले तर ते तुझ्या हातात राहील का, याचा त्या तक्त्यात एकही रकाना नाही, आणि माझे सगळे म्हणणे त्या रकान्याविषयीच आहे.

सरकारी बँकांची स्वेच्छानिवृत्ती योजना २००० साली आली, तेव्हा तू शाळेत होतास. पंधरा वर्षांची नोकरी किंवा वयाची चाळिशी झालेल्यांना अर्ज करता येत होता. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यांपैकी जे कमी ते मिळणार होते. देशभरातून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. त्यांत मीही होतो, चव्वेचाळीस वर्षांचा, आणि निरोपाच्या दिवशी तुझे तेच वाक्य मीही सर्वांसमोर मोठ्या तोऱ्यात म्हटले होते.

आमच्या हिशेबात ढिसाळपणा नव्हता, कारण हिशेब हाच आमचा धंदा होता. पोस्टाची मासिक उत्पन्न योजना २००० साली ११ टक्के देत होती, बँकांच्या ठेवी नऊ-दहा टक्क्यांवर होत्या, आणि हे दर असेच राहतील असे आम्ही धरले होते. मार्च २००३ मध्ये पोस्ट ८ टक्क्यांवर आले आणि २००४ पर्यंत बँकेची ठेव पाच-साडेपाच टक्क्यांवर घसरली. दहा लाखांवर महिन्याला आठ हजार येतील असे ज्या घरात धरले होते, तिथे साडेचार हजार येऊ लागले. मधल्या काळात, जुलै २००१ मध्ये, युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ या म्युच्युअल फंड योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबली; ज्यांनी निवृत्तीचा पैसा त्यात सुरक्षित म्हणून ठेवला होता त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. पेन्शन होती, पण बँकेच्या पेन्शनची मूळ रक्कम पुढच्या वेतनकराराबरोबर वाढत नाही. महागाई भत्त्याच्या आधाराने ती सरपटत राहते.

तेव्हा चाळिशीत नोकरी सोडलेली माणसे पैशासाठी परत कामावर जातात का, हे तुला पुस्तकी उत्तर म्हणून हवे असेल तर माझे उत्तर सरळ आहे. जातात. माझ्या ओळखीतले बहुतेक गेले, आणि समाजसेवा म्हणून किंवा वेळ जात नाही म्हणून गेले असे त्यांनी नातेवाइकांना सांगितले असले तरी ते पैशासाठीच गेले. कोणाच्या मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश होता, कोणाच्या घरी डायलिसिस होते. प्रश्न ते परत गेले की नाही हा नव्हताच, कोणत्या भावाने गेले हा होता. शाखाधिकारी म्हणून ज्याच्या सहीने लाखोंची कर्जे मंजूर होत असत, तो एका पतसंस्थेत जुन्या पगाराच्या चतुर्थांशावर वसुलीचे रजिस्टर घेऊन मोटारसायकलवर हिंडत होता. बँका निवृत्त अधिकाऱ्यांना लेखापरीक्षणासाठी कराराने घेतात हे खरे आहे. परंतु त्यांच्या कित्येक जाहिरातींत स्पष्ट अट असते की, वयाच्या साठीला निवृत्त झालेलेच पात्र, स्वेच्छेने गेलेले नाहीत. शिवाय आम्ही निघालो तेव्हा शाखेत जाडजूड लेजर होते, आणि पाच-सात वर्षांत सगळ्या शाखा संगणकाने जोडणारे कोअर बँकिंग आले. आमची अर्धी विद्या त्या लेजरांबरोबर रद्दीत गेली. तुझ्या क्षेत्रात तर पाच-सात वर्षेही लागत नाहीत, हे तू मला सांगायला हवेस, मी तुला नव्हे.

म्हणून माझे एकच म्हणणे आहे आणि तू कंटाळलास तरी मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे: नोकरी सोड, पण पैसे घेऊन काम करणे सोडू नकोस. महिन्यातून चार दिवस कर, वर्षातून दोन महिने कर, थोडे घे, पण परक्या माणसाकडून घे. उपसा थांबला की विहिरीचे झरे बुजतात; पाणी लागेल तेव्हा मोटर टाकू म्हणणाऱ्याच्या हाती गाळ येतो.

तू लिहिले आहेस की गावी येऊन मुलांना संगणक फुकट शिकवीन, मंदिराच्या ट्रस्टचा आणि शाळेचा हिशेब बघीन, पैशाचा संबंधच ठेवणार नाही. वाचून मला तुझा अभिमान वाटला आणि लगेच रागही आला, कारण ही वाट मी चालून पाहिलेली आहे. पहिली काही वर्षे मी सगळे फुकट केले. शाळेची कीर्दखतावणी, भाचेजावयाचा कर्जाचा प्रस्ताव, शेजाऱ्याचे विवरणपत्र. "तुम्हाला काय, तुम्ही रिकामेच आहात," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की माझे दुसरे नावच ते आहे असे वाटू लागले. फुकट सल्ला घेणारा सल्ला पाळत नाही. तो कागद अर्धवट आणतो, मार्च संपल्यावर आणतो, आणि बिघडले की दोष तुझ्यावर टाकतो. २००३ मध्ये आईच्या उपचारांसाठी ठेवी मोडाव्या लागल्या. तेव्हा गावातले शंभर जण मला ओळखत होते आणि त्यांपैकी एकालाही माझ्या कामाचे पैसे द्यावे लागतात हे ठाऊक नव्हते. त्या वेळी मागायला गेलो असतो तर माणूस अडचणीत आला म्हणून मागतो आहे, असेच दिसले असते. गेलो नाही. त्याची हळहळ आजही आहे.

मग मोंढ्यातील, म्हणजे धान्यबाजारातील, एका अडत्याने बोलावले. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक ऐन भरात होती, मुनीम आजारी पडला होता आणि शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्यांचा रोकडवहीशी मेळ बसत नव्हता. मागच्या खोलीत, पोत्यांच्या धुळीने खोकत, मी पट्ट्या एकेक करून लावल्या: वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती दिलेली रक्कम. फरक २,७०० रुपयांचा होता. फरकाला नऊने भाग गेला की बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ही बँकेतल्या जुन्या माणसांची खूण मला ठाऊक होती. एका पट्टीवरचे ४,७०० वहीत ७,४०० म्हणून चढलेले सापडले. शेठजींनी विचारले, "किती द्यायचे?" आणि मला सांगताच येईना. बावीस वर्षे गावाला व्याजाचे दर सांगणारा मी, स्वतःचा दर मला माहीत नव्हता. शेवटी त्यांनीच एक आकडा सांगितला, तो कमी होता, आणि मी तो घेतला. पुढच्या वर्षी त्यांनी हंगामाच्या आधी बोलावले, मुनिमाला माझ्या पद्धतीने वही ठेवायला लावली, आणि मी सांगितलेला आकडा दिला. एवढा फरक केवळ पैसे दिल्याने पडतो.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मी साठीचा होतो. पेन्शनवर बसलेला माणूस त्या वयात नवा कायदा कशाला वाचेल? मी वाचला, कारण पैसे देणारे पाच दुकानदार दारात उभे होते. हौसेने माणूस शिकतो हे मलाही मान्य आहे, पण हौस पावसाळ्यात एक सांगते आणि उन्हाळ्यात दुसरे. पैसे देणारा गिऱ्हाईक बारा महिने सारखाच असतो.

आता इथे माझ्याबद्दल काय बोलतात ते तुझ्या कानावर आलेच असेल. पेन्शन आहे, मुलगा कमावतो, तरी म्हातारा दोनशे रुपये सोडत नाही. खरे आहे, सोडत नाही. मेहुण्याकडूनही प्रकल्प अहवालाची फी घेतली आणि त्यावरून आमच्या घरी दोन दिवस अबोला होता. मुद्रा योजनेत शिशु गटातले, म्हणजे पन्नास हजारांच्या आतले, कर्ज मागणारी एक शिलाईवाली बाई आली. तिच्याकडून मी पन्नास रुपये घेतले, म्हणून लोकांनी मला कसाई ठरवले. परंतु अर्ज परत आला तेव्हा तीच बाई माझ्या ओट्यावर येऊन ठणकावून म्हणाली, "पैसे दिलेत, काय चुकले ते सांगा." फुकट केले असते तर ती आलीच नसती, उपकाराच्या ओझ्याखाली गप्प घरी बसली असती. लोकांना हे पटत नाही. मला पटवून घ्यायची गरजही वाटत नाही. इतके लांबवून का लिहितो आहे, असे विचारशील तर विचार. पण तुझ्या वडिलांनीही मला एकदा "जरा अतिच करतोस" म्हटले होते, आणि तुझ्यामार्फत त्यांनाही उत्तर पोचावे अशी माझी इच्छा आहे.

आता तक्त्याकडे. वर्षाचा खर्च नऊ लाख आणि त्याच्या पंचवीस पट म्हणून सव्वादोन कोटी, हे तू अमेरिकन आर्थिक सल्लागार बेंगेन यांच्या चार टक्क्यांच्या नियमावरून, म्हणजे पहिल्या वर्षी पुंजीतले चार टक्के काढायचे आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवायची या नियमावरून, घेतलेले दिसते. तो नियम १९९४ साली अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या आकड्यांवरून, तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी मांडलेला आहे. तुला चाळिसाव्या वर्षापासून पंचेचाळीस वर्षे काढायची आहेत, आणि तीही इथे. महागाई सहा टक्के धरलीस तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो: बावन्नाव्या वर्षी अठरा लाख, चौसष्टाव्या वर्षी छत्तीस. मुलांची फी आणि दवाखाना त्याच सहा टक्क्यांत बसवले आहेस, ते बसत नाहीत. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीशिवाय नाही. स्वेच्छानिवृत्तांना पंचावन्नपासून सवलत आहे, पण निवृत्तीची रक्कम हाती आल्यावर थोड्याच दिवसांत खाते उघडले तरच, म्हणजे चाळिशीत सोडणाऱ्याला ती नाही. तेव्हा वीस वर्षे तुला बाजाराच्या भरवशावरच राहायचे आहे.

आणि शेती! आठ एकरांचे दोन लाख तू दरवर्षी पक्के धरलेस, हे पाहून मला हसावे की रडावे कळेना. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात चार-सव्वाचार हजारांनी माल जात होता. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिके पाण्यात गेली. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तू पुण्यात बसून वाचले असशील, आम्ही टँकरचे पैसे मोजत होतो. शेती कर, जरूर कर, तुझ्या आजोबांची जमीन आहे. पण तक्त्यात तिच्यासमोर शून्य लिही आणि जे येईल ते वरकड समज.

ठेवीचे दर आपल्या हाती नाहीत, पाऊस नाही, सोयाबीनचा भाव तर नाहीच. तुझ्या हाती तुझे काम आणि त्याची किंमत एवढेच आहे, आणि नेमके तेच तू तत्त्व म्हणून टाकून द्यायला निघाला आहेस. तत्त्व कसले त्यात? नोकरीचा वीट आला आहे, तो मी समजू शकतो. रात्री बारापर्यंतच्या त्या मीटिंगा कोणालाही नकोशा होतील. पण वीट मालकाचा आला आहे, मोबदल्याचा नव्हे. दोन्हींना एकाच गाठोड्यात बांधून फेकू नकोस.

३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलमधून अठ्ठ्याहत्तर हजारांवर माणसे एकदम स्वेच्छानिवृत्त झाली आणि दोन महिन्यांच्या आत टाळेबंदी लागली. आता जोडधंदा सुरू करू असे ज्यांनी ठरवले होते, त्यांना सुरुवातच करता आली नाही. ज्यांचे हातचे किरकोळ काम आधीपासून चालू होते त्यांचे बाजार उघडल्यावर पुन्हा चालू झाले. म्हणून सांगतो, राजीनाम्यानंतर बघू असे करू नकोस, आधीच सुरू कर. तुझ्या कंपनीचे बाहेरच्या कामाविषयीचे नियम नीट वाच. परवानगी लागत असेल तर लेखी घे, आणि मिळत नसेल तर निदान कोणते काम, कोणासाठी आणि काय दराने करशील ते माणसांशी बोलून ठेव.

सूनबाईंना सांग की "कधीच नाही" हे उत्तर तू मागे घेतले आहेस. मग तक्त्यात एक रकाना वाढव: नोकरीबाहेरचे कोण माझ्या कामाचे पैसे देतो, आणि किती. दर सहा महिन्यांनी तो भरून मला पाठव. सहा वर्षांनी चाळिशी गाठल्यावरही त्यात शून्य असेल तर सव्वादोन कोटी जमले असले तरी राजीनामा लिहू नकोस. आणि त्यात महिन्याला वीस-पंचवीस हजार नियमाने दिसू लागले तर चाळिशीचीही वाट बघायचे कारण नाही, तेव्हा मी स्वतः तुझ्या वडिलांशी बोलेन.

तुझा,
काका