सॉफ्टवेअर नवं, कारभार जुनाच

प्रश्न : गोदामासाठी नवं सॉफ्टवेअर बसवून तीन महिने झाले, प्रशिक्षणही झालं. तरी लोक दिवसभर एक्सेलमध्ये लिहितात आणि संध्याकाळी सगळं एकदम सिस्टिममध्ये भरतात. आता सक्ती करावी का?

उत्तर : आधी बघा, तुमच्या रोजच्या आढावा बैठकीत आकडे कुठून येतात. साहेब अजून एक्सेलचीच शीट मागत असतील तर लोक तीच भरणार. उद्यापासून बैठकीत फक्त सिस्टिमचा रिपोर्ट उघडा, चुकीचा दिसला तरी. चूक चारचौघांत दिसली की दुरुस्त होते.

मग आवक घेणाऱ्या माणसाशेजारी बसून एक नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहा. मध्ये बोलू नका. बहुतेक वेळा दोष वृत्तीचा नसतोच. खरेदी ऑर्डर किलोत, माल आला नगांत. सिस्टिम पावती घेत नाही आणि ट्रक दारात उभा. अशा वेळी तो शीटमध्ये लिहून मोकळा होतो, आणि त्याच्या जागी कुणीही तेच करेल. एककं, वस्तूंचे कोड, पुरवठादारांची नावं नीट करून घ्या. ज्यानं अडचण दाखवली त्याला दुरुस्ती झाल्याचं आवर्जून कळवा. नाहीतर पुढची अडचण तुमच्यापर्यंत येणार नाही.

एवढं झाल्यावरच एक्सेल बंद करण्याची तारीख जाहीर करा. महिनाअखेर टाळा. आदल्या संध्याकाळी प्रत्यक्ष मोजणी करून शिल्लक चढवा आणि जुनी शीट फक्त वाचता येईल अशी ठेवा. दोन्ही पद्धती महिनोन्‌महिने समांतर चालवणं ही सर्वांत महाग चूक : काम दुप्पट होतं आणि घाईत माणूस सवयीचंच हातात घेतो. पहिले दोन आठवडे प्रत्येक पाळीत एक जाणकार सहकारी मदतीला हवा, आणि तेवढ्यापुरतं त्याचं नेहमीचं काम कमी करायला हवं.

प्रगती लॉगिनच्या संख्येवरून मोजू नका. माल उतरल्यापासून नोंद होईपर्यंत किती वेळ गेला आणि मोजणीत किती तफावत निघाली, हे दोन आकडे पुरेत.

प्रश्न : पाळ्या बदलायचं वरून ठरलंय. आता कामगारांना विचारणं म्हणजे नाटकच नाही का?

उत्तर : ठरलेल्या गोष्टीवर मत मागितलंत तर नाटकच. पण 'कसं' हे सहसा खुलं असतं. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी 1948 साली अमेरिकेतल्या एका पायजमा कारखान्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथंही कामाची पद्धत बदलणार हे पक्कं होतं. ज्या गटाला बदल फक्त समजावून सांगितला, त्यातले 17 टक्के लोक पहिल्या 40 दिवसांत नोकरी सोडून गेले. ज्या गटांनी बदलाच्या आखणीत भाग घेतला, त्यांतलं कुणीही गेलं नाही.

म्हणून सुपरवायझरना आधी बोलवा. त्यांना बातमी कामगारांकडून कळली तर ते तुमची बाजू मांडणार नाहीत. नंतर कामगारांना स्पष्ट सांगा : बदल होणार हे नक्की, पाळी किती आठवड्यांनी फिरावी, सुट्टी कशी जुळवावी, सुरुवात कोणत्या विभागापासून करावी, हे तुम्ही ठरवा. प्रत्येक सूचनेला आठवड्याच्या आत उत्तर द्या. नकार असेल तर कारणासकट.