फुलांची हत्यारे आणि खारी हवा

प्रश्न : आम्ही चौघी मिळून गणपतीची मखरे आणि लग्नाची स्टेज सजवतो. वापरतो ती घरातलीच कात्री. जरबेरा दुसऱ्या दिवशी माना टाकतो आणि पावसाळ्यात कात्री गंजून घट्ट होते. नवीन काय घ्यावे?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : जरबेऱ्याचा दांडा मऊ. जाड पात्याच्या कात्रीत तो तुटण्याआधी चेपतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या मिटतात. त्याला चाकूच हवा, सरळ पात्याचा, पाच-सहा सेंटिमीटरचा. तळापासून दोन-तीन सेंटिमीटर सोडून एका ओढीत तिरका काप द्या आणि दांडा लगेच पाण्यात ठेवा. बादली बुळबुळीत असेल तर मात्र चाकू बदलूनही फुले माना टाकणारच.

ड्रेसिना, क्रोटन, चाफ्याची डहाळी यांना सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची स्प्रिंगची कात्री. त्यात दोन जाती आहेत. एकीत पाती कात्रीसारखी एकमेकांवरून सरकतात, तीच घ्या. दुसरीत वरचे पाते सपाट पट्टीवर टेकते. ती वाळक्या काटक्यांना ठीक, ओला दांडा चेंगरते. दुकानातच पात्याच्या टोकाने वहीचा कागद कापून बघा. कागद दुमडून आत अडकला, तर पाती सैल आहेत किंवा धार नाही. हात लहान असेल तर आठऐवजी सात इंची बरा. नारळाच्या झावळीला कोयताच.

तार यातल्या कशानेही कापू नका, त्यासाठी पक्कड ठेवा. तारेने पात्याला खाच पडते आणि पुढे प्रत्येक दांड्याचा एक धागा न तुटता लोंबत राहतो. रिबिनीची कात्रीही वेगळी.

राहिला गंज. कार्बन स्टीलला धार छान बसते, पण किनाऱ्यावर ते रात्रभर ओले राहिले की सकाळी तांबूस दिसते. रोज पुसण्याची सवय नसेल तर स्टेनलेस घ्या. धार जरा लवकर लावावी लागेल, इतकेच. चुंबकाने पारखू नका, पात्यांचे स्टेनलेसही चुंबकाला चिकटते. आणि पाते स्टेनलेस असले तरी स्प्रिंग आणि बोल्ट साधे असू शकतात. गंज तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : केळीच्या खांबाचा, देवचाफ्याचा चीक पात्यावर बसतो. ब्लीचने धुतले तर चालेल?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : नको. ब्लीचने स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात. चीक ओला असतानाच स्पिरिटच्या फडक्याने पुसा, कोरडे करा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडे ओल धरते.

सिकेटरला धार लावताना दगड फक्त उताराच्या बाजूने फिरवा. धार लावताना सपाट बाजूला उठलेली बारीक खरखरीत कोर एका हलक्या हाताने काढली की पुरे. ती बाजू घासलीत तर पात्यांत फट पडते आणि दांडा कापण्याऐवजी दुमडतो. मग पातेच बदलावे लागते, म्हणून घेतानाच सुटे पाते आणि स्प्रिंग मिळते का ते विचारा.