“येस, आय’म” का चुकतं?

प्रश्न : “आर यू रेडी?” याला लेकीनं “येस, आय’म” लिहिलं, बाईंनी चूक दिली. का? आणि “ही’ड”मध्ये ‘हॅड’ की ‘वुड’?
— एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : बाई बरोबर आहेत. होकारी छोट्या उत्तरात जोर शेवटच्या क्रियापदावर येतो, आणि आखूड रूपाला जोर पेलत नाही. म्हणून “येस, आय अ‍ॅम”. “नो, आय’म नॉट” मात्र चालतं. जोर ‘नॉट’वर जातो.

“ही’ड”चा पुढचा शब्द पाहा. “ही’ड गॉन टू यवतमाळ” : तिसरं रूप, म्हणून ‘हॅड’. “ही’ड गो” : मूळ रूप, म्हणून ‘वुड’. फसवतं ते “ही’ड बेटर गो”. मूळ रूप असूनही तिथे ‘हॅड’च. ‘कट’, ‘पुट’ यांची तिन्ही रूपं सारखीच, तिथे संदर्भच कामी येतो.