पर्स्वेड केलं, म्हणजे मन वळलंच

प्रश्न (बँकेत काम करणाऱ्या वाचिका, सातारा): थकीत कर्जाच्या टिपणात मी लिहिलं होतं, 'वी पर्स्वेडेड द बॉरोअर मेनी टाइम्स, बट ही डिड नॉट पे.' साहेबांनी 'पर्स्वेडेड'खाली लाल रेघ मारली, कारण सांगितलं नाही. काय चुकलं?

उत्तर: शब्दाचा अर्थ चुकला. तुमच्या मनातलं वाक्य असं असणार: 'कर्जदाराला आम्ही कितीदा समजावलं, पण त्याने पैसे भरले नाहीत.' मराठीत यात काहीच खटकत नाही. समजावणं आपल्या हातात. ऐकलं की नाही, ते पुढे सांगायचं. 'पर्स्वेड'मध्ये मात्र निकाल आतच असतो. 'पर्स्वेडेड' लिहिलंत की कर्जदार तयार झाला, असंच वाचलं जातं. मग 'मेनी टाइम्स' कशाला आणि पैसे का आले नाहीत, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

दोन दुरुस्त्या सुचवतो. 'वी ट्राइड टु पर्स्वेड द बॉरोअर टु पे, बट ही रिफ्यूज्ड.' किंवा 'वी रिपीटेडली अर्ज्ड द बॉरोअर टु पे, बट ही डिड नॉट.' वसुलीच्या टिपणात दुसरी जास्त चांगली, कारण किती पाठपुरावा केला ते तिच्यात ठळक दिसतं. 'अर्ज', 'अ‍ॅडव्हाइज', 'रिक्वेस्ट', 'रिमाइंड' ही सगळी प्रयत्नाची क्रियापदं आहेत. त्यांच्यापुढे 'बट' बिनधास्त येऊ शकतं. कर्जदार आधी कबूल झाला आणि नंतर फिरला, असं खरोखर घडलं असेल तर 'पर्स्वेडेड' चालेल, पण मग 'लेटर ही चेंज्ड हिज माइंड' हेही लिहायला हवं.

लिहिण्याआधी वाक्य मराठीत म्हणून पाहा. 'मन वळवलं' किंवा 'राजी केलं' बसत असेल, तर 'पर्स्वेड'. नुसतं 'समजावलं', 'विनवलं', 'गळ घातली' एवढंच बसत असेल, तर नाही. आणि गणित किंवा नियम समजावून सांगितला असेल, तर तिथे 'एक्स्प्लेन'च.

प्रश्न (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर): 'पर्स्वेड'च्या पुढे नेमकं काय येतं? 'टु', 'फॉर' की 'दॅट'?

उत्तर: आधी माणूस. तोही थेट, मध्ये काही न घालता. 'त्याला' या शब्दातला 'ला' आपल्या डोक्यात असतो, म्हणून 'पर्स्वेडेड टु हिम' लिहिलं जातं, ते चूक. 'शी पर्स्वेडेड हिम टु सी अ डॉक्टर' हे बरोबर. 'पर्स्वेडेड हिम फॉर सीइंग' चूक. माणूस गाळून 'शी पर्स्वेडेड टु सी' असंही होत नाही.

कृतीऐवजी मत पटवायचं असेल तर 'दॅट' किंवा 'ऑफ': 'पर्स्वेडेड द जज ऑफ हिज इनोसन्स.' 'इनटु' आल्यास पुढे 'आयएनजी' लागतं: 'पर्स्वेडेड हर इनटु सेलिंग द लँड.' यात तिची मूळ इच्छा नव्हती, अशी छटा बहुधा येते. परावृत्त करण्यासाठी 'पर्स्वेड हिम नॉट टु गो' किंवा 'डिस्वेड हिम फ्रॉम गोइंग'. परीक्षेत 'डिस्वेड'पुढचं 'फ्रॉम' हटकून विचारतात. तिथे 'टु' लिहू नका.

प्रश्न (शिक्षिका, चिपळूण): 'कन्व्हिन्स' आणि 'पर्स्वेड' एकच का?

उत्तर: जुना भेद असा की 'कन्व्हिन्स' केल्यावर मत बदलतं आणि 'पर्स्वेड' केल्यावर माणूस कामाला लागतो. सिगारेट घातक आहे हे पटलेला माणूस 'कन्व्हिन्स्ड' असतो. ती सोडायला अजून कुणी त्याला 'पर्स्वेड' केलेलं नसतं. लॅटिन मुळांतही हा फरक आहे. 'कन्व्हिन्स'च्या मुळाशी जिंकणं आहे. 'पर्स्वेड'च्या मुळाशी गोडी लावणं आहे, आणि ते मूळ आपल्या 'स्वादु'चं सख्खं भावंड. हल्ली, विशेषतः अमेरिकेत, 'कन्व्हिन्स्ड हिम टु गो' सर्रास चालतं. तरी वर्गात भेद शिकवावा, असं आमचं मत.

प्रश्न (कार्यालयीन लिपिक, नागपूर): 'प्लीज पर्स्वेड द मॅटर' असं पत्रांत दिसतं. बरोबर आहे का?

उत्तर: नाही. मन वळतं माणसाचं, प्रकरणाचं नाही. लिहिणाऱ्याला 'पर्स्यू' म्हणायचं असतं, म्हणजे पाठपुरावा करणं. याच गोंधळातून स्पेलिंगही बिघडतं: 'पर्स्यू'ची सुरुवात पी-यू-आर, 'पर्स्वेड'ची पी-ई-आर. उच्चार दोनच अवयवांचा, पर्-स्वेड, जोर 'स्वेड'वर, 'परस्युएड' नव्हे.

प्रश्न (विधी शाखेची विद्यार्थिनी, पणजी): निकालाला 'पर्स्वेसिव्ह व्हॅल्यू' असते म्हणजे काय?

उत्तर: मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल कर्नाटक उच्च न्यायालयावर बंधनकारक नसतो. तिथले न्यायाधीश तो वाचतील, त्यातला युक्तिवाद पटला तर स्वीकारतील, नाहीतर बाजूला ठेवतील. हीच 'पर्स्वेसिव्ह व्हॅल्यू'. इथे 'पर्स्वेसिव्ह' हे विशेषण असल्यामुळे मन वळवण्याची फक्त ताकद सांगितली जाते. ते वळलंच असं नाही.